तोफेपुढं गर्दी, तळ्यात बाटल्या

जंजिरा पाहून आलेल्या कोणालाही विचारा, काय पाहिलं? उत्तर ठरलेलं असते. कलालबांगडी तोफ, दारावरचं हत्ती दाबून धरलेलं वाघासारखं जनावर, अन् "किल्ला कधीच कोणी जिंकला नाही बरं का!" आतल्या गोड्या पाण्याच्या दोन तळ्यांचं नाव शेवटी निघते, नाही तर निघतच नाही. माझं भांडण इथंच आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. मुरूडजवळ, राजपुरी खाडीच्या तोंडाशी, समुद्रात खडकाचं एक बेट. तिथं आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा पुढारी. निजामशाहीच्या सरदारानं तो कपटानं घेतला. मग आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांनी तिथं दगडी तट उभा केला. जंजिरा हे नावच अरबी 'जझीरा'वरून आलं, म्हणजे बेट. शिवाजी महाराजांनी त्याला शह द्यायला पद्मदुर्ग बांधला. लाय पाटलानं जीव धोक्यात घालून रात्री तटाला शिड्या लावल्या. १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली. तरी किल्ला हाती आला नाही. सिद्द्यांचं राज्य १९४८ साली भारतात विलीन झालं.

आता सांगा, हा किल्ला टिकला कशावर? आरमार होतं, मोगलांची मदत होती, तोफा होत्या, हे खरंच आहे. पण तोफ तहान भागवत नाही बाप्पा! वेढा पडला अन् आतलं पाणी संपलं, की दरवाजा आतूनच उघडावा लागते. चारही बाजूंनी खारं पाणी, नदी नाही, नाला नाही. तळ्यात झरा म्हणा की साठवण म्हणा, त्याला भरणारा पाऊस एकच. तो ज्यांनी अडवला, सांभाळला, त्यांच्या जिवावर आत गाव नांदलं. आज माणसं तोफेवर हात ठेवून फोटो काढतात अन् रिकामी बाटली तळ्यात भिरकावतात. मी गेलो तेव्हा हिरव्या पाण्यावर त्या तरंगत होत्या.

कोणी म्हणेल, कोकणात पाऊस मायंदाळ, त्याचं काय कौतुक? पण पडतो तोही चारच महिने. बाकीचे आठ महिने तिथंही आभाळ कोरडंच. आमच्या वर्धा जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडते. तरी उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसते. माझ्या वावरातले दोन बोअर कोरडे गेले, पैसा जमिनीत गेला. मग आम्ही नशिबाला बोल लावतो, सरकारला शिव्या देतो, अन् पुन्हा तिसऱ्या बोअरसाठी गाडी बोलावतो. पावसाचं पाणी मात्र धुऱ्यावरून नाल्यात, नाल्यातून वर्धा नदीत निघून जाते.

अन् हे जमत नाही असं नाही. आमच्याच आर्वी तालुक्यातलं काकडदरा २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. लहानसं आदिवासी गाव. बाया-माणसांनी कुदळ-फावडं हाती घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं. मोठमोठ्या पुढाऱ्यांची गावं पाहत राहिली.

आपण लेकरांना इतिहास शिकवतो तो कोणी कोणाला हरवलं याचा. जिंकणं-हरणं शिकवा, नाही कोण म्हणते? पण पाणी कोणी राखलं, हेही शिकवा. शाळेची सहल जंजिऱ्याला नेणाऱ्या गुरुजींना माझं सांगणं आहे : तोफेपाशी पाच मिनिटं कमी थांबा अन् लेकरांना तळ्याच्या काठावर बसवा. विचारा त्यांना, समुद्रात उभं असलेलं हे गाव काय पीत होतं? अन् आपलं गाव येत्या मे महिन्यात काय पिणार आहे?