आनंद मित्रांचा, श्रेय पेल्याला

२०२५ साली आषाढ अमावास्या गुरुवारी, २४ जुलैला होती. घरातले दिवे घासूनपुसून पूजायचा हा दिवस. पण त्याला जे दुसरे नाव पडले आहे, त्याची तयारी वॉट्सअॅपच्या गटांवर केव्हाच सुरू झाली होती. अमावास्या कामाच्या दिवशी आली, की ‘गटारी’ आधीच्या शनिवार-रविवारीच उरकली जाते आणि मुंबई, ठाणे, पुण्याहून निघालेल्या कितीतरी गाड्या कर्जत-खालापूरकडे वळतात. शाळेचे वर्गमित्र, सोसायटीतले शेजारी, ऑफिसातली टोळी. एक बंगला, एक स्वयंपाकी, दोन किलो मटण आणि डिकीत वाजणाऱ्या बाटल्या.

या सहलींवर नाक मुरडण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जून २०२५ला एकटेपणावरचा अहवाल प्रसिद्ध केला. जगात सहापैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असा त्यातला अंदाज आहे. त्याआधी २०१० साली ज्युलियान होल्ट-लुन्स्टाड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा पन्नास टक्क्यांनी अधिक निघाली. म्हणजे मित्रांबरोबर दोन दिवस काढणे ही चैन नसून तब्येतीची गरजच आहे, असे विज्ञानाच्या आधाराने म्हणता येते. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने तर मनमोकळे हसून झाल्यावर माणसाची वेदना सोसण्याची क्षमता वाढते, असे प्रयोगात दाखवले. हसताना मेंदूत एंडॉर्फिन पाझरत असावेत, असा त्यांचा तर्क.

घोळ होतो तो पुढे. रात्री दोन वाजता जुन्या मास्तरांच्या नकला करून पोट दुखेपर्यंत हसलेला माणूस सोमवारी म्हणतो, ‘काय बसलो होतो!’ आणि त्या ‘बसण्या’चे सगळे श्रेय पेल्याला मिळते. संशोधकांचीही बराच काळ अशीच फसगत झाली. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, ते रेड वाइनमुळे, ही कल्पना १९९१-९२च्या सुमारास जगभर गाजली. थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसतात, असे अनेक पाहण्यांत आढळतही होते. पण न पिणाऱ्यांच्या रांगेत कोण उभे होते, हे नीट पाहिल्यावर चित्र बदलले. त्यांत आजारपणामुळे दारू सोडलेले बरेच होते. उलट, बेताने पिणारे बहुधा खाऊन-पिऊन सुखी, शिकलेले, मित्रमंडळी असलेले. तब्येत चांगली होती ती या इतर गोष्टींमुळे. जानेवारी २०२३मध्ये आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितले, की मद्याची अमुक मात्रा सुरक्षित आहे असे म्हणायला आधार नाही. मद्य कर्करोगकारक आहे, हे तर १९८८ सालीच नोंदवले गेले होते. वाइन, बिअर आणि व्हिस्की यांतला इथेनॉल एकच. द्राक्षाचा म्हणून तो सौम्य होत नाही.

तरीही पिणारे पिणार आहेत. मग निदान किती, याचा हिशेब तरी बरोबर हवा, आणि तो बहुतेकांचा चुकतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतो. त्याला एक माप म्हणू. वाइनचा दीडशे मिलिलिटरचा पेला म्हणजे दीड माप, अख्खी बाटली म्हणजे जवळजवळ आठ मापे. आणि ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याच्या हातातली आठ टक्क्यांची, ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअर? त्या एका बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार मापे. एका बैठकीत साठ ग्रॅमच्या पुढे गेले, की आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ते अतिमद्यपान ठरते. तीन लार्ज किंवा अशा बिअरची दीड बाटली. बंगल्यावर हा आकडा जेवणाची पाने मांडण्याआधीच ओलांडला जातो.

‘आम्ही रोज थोडेच पितो, महिन्यातून एकदा’ हा युक्तिवाद इथे उपयोगी पडत नाही. यकृत तासाला साधारण एका मापाचा निचरा करते, आणि महिनाभर रिकामे बसले म्हणून त्या रात्री ते जादा काम करत नाही. १९७८ साली अमेरिकेत फिलिप एटिंजर आणि सहकाऱ्यांनी हृदयाचे ठोके एकाएकी बिघडलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. हे रुग्ण रविवार ते मंगळवार या दिवसांत किंवा नाताळच्या सुट्ट्यांच्या आसपास दाखल होत होते. त्यांना हृदयविकाराची इतर चिन्हे नव्हती, शनिवार-रविवारी भरपूर पिणे झालेले असे. त्यांनी त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असे नाव दिले. हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. २०२१ सालच्या एका अभ्यासात, अशी थरथर अधूनमधून होणाऱ्या शंभर रुग्णांच्या छातीवर ठोके नोंदणारे यंत्र आणि पायाला मद्य ओळखणारा सेन्सर बांधला. एका पेयानंतरच्या चार तासांत थरथरीची शक्यता दुप्पट झाली, दोन किंवा अधिकनंतर तिपटीहून जास्त.

कर्जतला जमणारे सगळे पंचविशीतले नसतात, म्हणून हे सांगायचे. दहावीच्या तुकडीला पस्तीस वर्षे झाली म्हणून भरलेल्या मेळाव्यात निम्म्यांच्या पिशवीत रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या असतात. त्यातली साखरेची गोष्ट सर्वांत धोक्याची आणि सर्वांत कमी माहितीची आहे. रक्तातली साखर उतरू लागली, की यकृत नवी साखर तयार करून पुरवते; पण ते अल्कोहोलच्या मागे लागलेले असताना हे काम मंदावते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाने चखण्यावर रात्र काढली, जेवण टाळले, तर मध्यरात्रीनंतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तो घामेजतो, असंबद्ध बोलतो, तोल जातो. आणि मित्र म्हणतात, ‘चढलीय त्याला, झोपू दे.’ मधुमेही मित्र असा दिसला तर आधी साखर तपासावी; यंत्र नसेल आणि त्याला नीट गिळता येत असेल तर साखरपाणी पाजावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवून १०८ला फोन करावा. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयाचा रस्ता रात्री दोन वाजता शोधत बसण्यापेक्षा आल्या आल्या बंगल्याच्या रखवालदाराला विचारून ठेवलेला बरा.

पाण्याचा प्रश्न वेगळा, आणि तिथे दारू नसली तरी मरण येते. २०२४ साली २१ जूनला खालापूर तालुक्यात सोंडाई किल्ल्यावरून परतताना मुंबईच्या एका महाविद्यालयातले चार विद्यार्थी धरणाच्या पाण्यात बुडाले. ती मुले पावसाळी भटकंतीला आली होती. पाणी अनोळखी होते एवढेच. या भागातले धबधबे घाटमाथ्यावरच्या पावसाने फुगतात, खाली ऊन पडलेले असतानाही. नद्यांचीही एक खोड आहे. पेज नदीला बारमाही पाणी असते, ते टाटांच्या १९२२च्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटलेले. पाताळगंगेला मिळते ते १९१५च्या खोपोलीच्या केंद्रातले. वीजनिर्मितीप्रमाणे विसर्ग कमीजास्त होतो. दुपारी गुडघाभर होते म्हणून संध्याकाळीही तेवढेच असेल, असे नाही.

यात अल्कोहोल मिसळला की काय होते? त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगात ऊब आल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात शरीर भराभर थंड होते. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांत एक जेलीसारखा पडदा असतो. मद्य त्यात आणि भोवतीच्या द्रवात वेगवेगळ्या गतीने शिरते, दोन्हींची घनता जुळेनाशी होते आणि डोके नुसते कलले तरी गरगरते. जमिनीवर यावर हसता येते. डोके पाण्याखाली गेल्यावर वर कुठे आणि खाली कुठे, हेच कळत नाही. पोहताना किंवा होडीत मौज करताना बुडालेल्यांपैकी तीस ते सत्तर टक्क्यांच्या रक्तात मद्य सापडते, असे २००४च्या एका ऑस्ट्रेलियन आढाव्यात म्हटले आहे. दर पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर, धरणांवर बंदीचे आदेश निघतात आणि पोलीस वाटेवर उभे राहतात. बंगल्यातल्या तरणतलावाला मात्र ना पोलीस ना जीवरक्षक, आणि तो रात्री बारालाही उघडाच असतो.

सरकारचे या विषयाकडे लक्ष नाही असे नाही. ते तिजोरीच्या बाजूने आहे. १० जून २०२५च्या मंत्रिमंडळ निर्णयाने विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. वर्षाला चौदा हजार कोटींची जादा भर अपेक्षित होती. दारू महाग केली की पिणे घटते, हे जगभर दिसलेले आहे आणि आरोग्य संघटनाही तोच सल्ला देते. पण बिअर आणि वाइन या वाढीतून वगळल्या गेल्या. महसुलाच्या हिशेबात ते बसत असेल. एका बाटलीत चार मापे भरणाऱ्या स्ट्राँग बिअरला ‘सौम्य’ समजणे आरोग्याच्या हिशेबात बसत नाही. दुसरे, परमिट रूममधल्या मद्यावर दहा टक्के मूल्यवर्धित कर आहे. सोमवारी, १४ जुलै २०२५ला, बारमालकांनी बंद पाळला तो या करवाढींच्या विरोधात. बार महाग झाला, की बाटली दुकानातून घेऊन बंगल्यावर बसणे स्वस्त पडणार, असे मला वाटते. बारमध्ये निदान कोणीतरी मोजून ओतते आणि ठरल्या वेळी शटर ओढते. बंगल्यात मोजणाराही पिणाराच असतो.

आणि मग रविवारची दुपार. शनिवारच्या रात्रीची सगळ्यांना धास्ती असते, गाडी कोणी काढत नाही. खरी गडबड दुसऱ्या दिवशी जेवणाआधी ‘उतारा’ म्हणून उघडलेल्या बिअरची आहे. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या पुरुषात एक माप साधारण वीस मिलिग्रॅमची भर घालते, आणि शरीर तासाला पंधराच्या आसपास कमी करते. एक वाजता स्ट्राँग बिअरची एक बाटली घेतली, तर पाच वाजेपर्यंत तो कसाबसा मर्यादेच्या आत येतो. दोन घेतल्या, तर पाच वाजता शंभराच्या पुढेच असतो, मर्यादेच्या तिप्पट-चौपट, आणि आत यायला रात्रीचे दहा-साडेदहा होतात. भरल्या पोटी चढण थोडी मंदावते, एवढाच फरक. बाईचे वजन आणि शरीरातले पाणी कमी असल्याने तिचे आकडे याहून वर जातात. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. झोपाळू दारुड्याचा जागा दारुडा होतो इतकेच. पकडले गेल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्यापाशी रांगेत उभ्या असलेल्या गाडीत मागच्या सीटवर मुले झोपलेली असतात, तेव्हा दंडाचा आकडा महत्त्वाचा नसतो.

आपल्याकडे न पिणारे अल्पसंख्य आहेत, असा बंगल्यावर गेल्यावर भास होतो. ‘एम्स’च्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दहा ते पंच्याहत्तर वयोगटातले १४.६ टक्के लोक मद्य घेणारे निघाले, पुरुषांत २७.३ टक्के. म्हणजे न घेणारेच जास्त. अडचण आकड्यांची नसून आग्रहाची आहे: पंगतीत जिलेबी वाढताना ‘एकच’ म्हणणारा हात तसाच पेल्यावरही फिरतो. रायगडात थंडीत पोपटी लावतात. वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी मडक्यात भरायची, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडके पालथे घालून भोवती जाळ करायचा. मग अर्धा-पाऊण तास काहीच करायचे नसते. शेकोटीभोवती बसून बोलायचे असते. तेवढ्यात जे हसणे होते, त्यावर डनबार यांना आणखी एखादा प्रयोग करता येईल.

रविवारी ज्यांना दुपारीही बाटली उघडायचीच आहे, त्यांनी गाडी शनिवारी घरीच ठेवावी. मुंबई-ठाण्याच्या मंडळींसाठी कर्जतहून लोकल आहे, आणि ती तिथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते.