खड्डे आखण्याआधी घर आखा

घरामागे पाच-सहा गुंठे मोकळे असले, की सफरचंद लावण्याचा विचार आता नाशिक-नगरकडेही होतो. हिमाचलमधील बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारे ‘एचआरएमएन-९९’ हे वाण शोधले. ‘अ‍ॅना’, ‘डॉर्सेट गोल्डन’ ही वाणेही कमी थंडीवर भागवतात. हौस चांगलीच आहे. पण रोपांसोबत मिळणाऱ्या आराखड्यात ओळी, अंतरे, ठिबकच्या नळ्या असे सगळे असते, फक्त घर नसते. घरच्या बागेच्या आराखड्यातली खरी चूक हीच.

सफरचंद हे फवारणीचे पीक आहे. सिमल्याच्या वरच्या भागात, कोटखाई-जुब्बलकडे घरे बागेतच उभी असतात. तेथे कळ्या फुटण्याआधीच्या तेलापासून फळतोडणीपर्यंत फवारण्यांचे वेळापत्रक पाळले जाते. त्यातल्या बऱ्याच फवारण्या खपली रोगासाठी, म्हणजे ‘स्कॅब’साठी असतात. हिमाचलमध्ये १९८३ साली या रोगाने हाहाकार उडवला होता. ही बुरशी ओल्या पानावर रुजते. साधारण वीस अंश तापमानात पान नऊ-दहा तास ओले राहिले की तिचे काम होते. म्हणजे झाडे दाटीने लावली, वारा अडला, सकाळचे ऊन उशिरा पोचले, तर फवारण्या वाढणार. अंतराचा प्रश्न म्हणून केवळ उत्पन्नाचा नाही, घरातली माणसे किती वेळा ते तुषार श्वासात घेणार याचाही आहे.

दुसरा मुद्दा उंचीचा. बियांपासूनच्या खुंटावरचे झाड सहा मीटर अंतर मागते आणि वीस फुटांपर्यंत सहज जाते. त्यावर फवारायचे तर नळी वर धरावी लागते आणि वर गेलेले औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर उतरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. त्या हंगामात कपाशी डोक्याइतकी वाढली होती, ही गोष्ट तेव्हा अनेकांनी नोंदवली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे त्वचेतूनही शोषली जातात. दरदरून घाम, तोंडाला पाणी सुटणे, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप ही लक्षणे दिसली की घरगुती उपाय करत बसायला वेळ नसतो. खेरीज उंच झाड म्हणजे शिडी, आणि शिडी म्हणजे मोडलेला मणका. कोकणात नारळ-आंब्यावरून पडलेली माणसे सरकारी रुग्णालयांना नवी नाहीत.

तेव्हा घरच्या बागेला ठेंगणे झाड हवे. खुंट निवडताना एमएम-१०६ चे नाव सर्रास घेतले जाते. चार मीटरवर ते छान बसते, पण काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत त्याचा बुंधा कुजतो. तेथे एमएम-१११ बरा, पाच मीटर अंतर द्यावे लागले तरी. पाच गुंठ्यांत वीसच झाडे बसतील, पण एका घराला तेवढी पुष्कळ झाली. छाटणीने शेंडा हाताच्या टप्प्यात ठेवता येतो. ‘अ‍ॅना’ लावायचे तर जवळ ‘डॉर्सेट गोल्डन’ हवेच, नाहीतर परागीभवन नीट होत नाही. आणि मधमाश्यांची पेटी ठेवायची असेल तर ती जाण्यायेण्याच्या वाटेवर नको. एका दंशाने श्वास कोंडणारी माणसे असतात.

आता घर. आपल्याकडे उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वारा बहुतांशी पश्चिमेचा असतो. म्हणून बाग घराच्या पूर्वेला गेली तर तुषार घरापासून दूर जातात. डोंगरउतारावर दिवसा वारा दरीतून वर चढतो, हे ध्यानात घेऊन तेथे घराच्या खालच्या अंगाला झाडे टाळावीत. पहिली ओळ आणि खिडकी यांच्यामध्ये भाजीपाला नको, मुलांचा झोपाळा तर नकोच. रांगती मुले जमिनीवरचे सगळे हाताने तोंडात घालतात आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात. मोकळी पट्टी किंवा दाट कुंपण एवढेच तेथे शोभते. विहिरीकडे उतार असलेल्या जागेत झाड लावू नये आणि पंप धुण्याची जागा विहिरीपासून लांब, कागदावर आधीच ठरवावी.

कागदावर आणखी एक चौकोन हवा, तो बहुतेक जण विसरतात. औषधाची कोठी. कीटकनाशकाला आपण ‘औषध’ म्हणतो, इथूनच घोळ सुरू होतो. मग ती बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर, पाण्याच्या बाटलीशेजारी जाऊन बसते. रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणात हाताशी विष असणे आणि नसणे यात जिवाचा फरक असतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा तेथील आत्महत्यांचे प्रमाण घटले. घरात दुःखी माणूस आहे हे नेहमी कळतेच असे नाही. म्हणून कोठी घराबाहेर, पक्क्या दाराची, कुलूपबंद, आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. हंगामाला लागेल तेवढेच औषध आणावे, साठा करू नये.

खुंटानुसार हे झाड वीस ते चाळीस वर्षे त्याच जागी उभे राहणार आहे. ते पुढे हलवता येत नाही. दोरी आणि चुना घेऊन जागेवर उतरण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, की वैशाखात संध्याकाळी अंगणात झुळूक कोणत्या बाजूने येते. ते त्यांना नक्की ठाऊक असते.