जखम सुकावी की भरावी?

चामखीळ, तीळ किंवा चरबीची छोटी गाठ काढण्याची शस्त्रक्रिया थोड्याच वेळात आटोपते. पुढचे दोन-तीन आठवडे मात्र रुग्णाचे घर हेच रुग्णालय असते आणि तेथे सल्ला चालतो तो परंपरेचा: पट्टी काढा, वारा लागू द्या, जखम सुकू द्या. बऱ्या होणाऱ्या जखमेसाठी मराठीत आणि हिंदीतही दोन क्रियापदे आहेत, ‘सुकणे’ आणि ‘भरणे’. घरोघरी पहिल्यावर विश्वास आहे. विज्ञान दुसऱ्याच्या बाजूने आहे.

जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांचा अभ्यास १९६२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. पातळ पॉलिथीनने झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने आली. कारण सरळ आहे. उघड्या जखमेतून पाण्याचे बाष्पीभवन होते, वरचा थर वाळून खपली धरते आणि कडेने सरकत येणाऱ्या पेशींना त्या कोरड्या थराखालून वाट काढावी लागते. ओलसर पृष्ठभागावर त्याच पेशी विनाअडथळा पुढे जातात. अर्थात ओलसर म्हणजे चिंब नव्हे; सतत भिजलेली त्वचा पांढरी पडून कमकुवत होते.

म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत पहिली पट्टी तशीच ठेवावी. त्यानंतर हात धुऊन जखम सौम्य साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी, टिपून घ्यावी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि न चिकटणारी पट्टी लावावी. प्रतिजैविक मलम हवेच, हा समजही तपासला गेला आहे. त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या ९२२ रुग्णांवरील चाचणी १९९६ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झाली. साधी पेट्रोलियम जेली आणि बॅसिट्रेसिन मलम यांत संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मलमाची ॲलर्जी मात्र काहींना झाली. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असलेल्या भारतात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

हळदीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जखमेवरील हळदीच्या उपयोगासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट सीएसआयआरने आव्हान दिल्यानंतर १९९७ मध्ये रद्द झाले. हा उपयोग भारताला आधीपासून ठाऊक होता, एवढेच त्यातून सिद्ध झाले. डब्यातील हळद टाक्यांवर टाकणे सुरक्षित आहे, असा तो निकाल नव्हता. स्वयंपाकघरातील पूड निर्जंतुक नसते आणि तिच्या पिवळ्या थराखाली वाढणारी लाली दिसत नाही. पसरणारी लाली, वाढत्या वेदना, पू आणि ताप या तर धोक्याच्या खुणा आहेत. त्या दिसताच डॉक्टरांकडे जायला हवे, मधुमेहींनी विशेषतः.

टाके निघाले म्हणजे जखम पूर्ववत झाली, असेही नाही. तीन आठवड्यांनंतरही तिची ताकद मूळ त्वचेच्या एक तृतीयांशाहून कमी असते. जड वजन उचलण्याची मनाई त्यासाठीच असते.

पण हे रुग्णाला सांगतो कोण? घरी जाताना अनेकदा हाती पडते ती इंग्रजीतील एक ओळ. ती चिठ्ठी रुग्णाच्या भाषेत असावी आणि तिच्यात सूचनेबरोबर कारणही असावे. कारण कळलेला माणूस शेजाऱ्याच्या सल्ल्याने पट्टी काढून टाकत नाही. चार ओळींच्या या खर्चात जखमा वेळेवर भरतील.