शेतसारा दिसत होता, जकात दिसत नाही

बारडोलीचा धडा शाळाशाळांतून शिकवला जातो. 1928 साल, वल्लभभाई, सत्याग्रह, विजय. पण त्या लढ्याच्या मुळाशी एक गणित होते आणि ते फळ्यावर फार थोडे मास्तर मांडतात. मुंबई सरकारने तालुक्याचा शेतसारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढवला. गेल्या वर्षी किती भरले आणि यंदा किती मागतात, हे शेतकऱ्याच्या पावतीवर लिहिलेले होते. म्हणूनच तो छातीठोकपणे म्हणू शकला की हा हिशेब खोटा आहे. पुढे ब्रूमफिल्ड आणि मॅक्सवेल या सरकारच्याच अधिकाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली.

आता परदेशी मालावरच्या जकातीचे पाहा. तिची पावती तुमच्या हाती कधी आली आहे काय? होडीला लावलेले जपानी इंजिन, माडाच्या मुळाशी घातलेले पोटॅश, कढईतले पामतेल, हे सारे समुद्रावरून येते. पोटॅश तर आपला देश जवळजवळ सगळेच बाहेरून आणतो. ज्या मालावर जकात बसते, त्याच्या किमतीत ती मिसळलेली असते. मे 2025 मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरची मूळ जकात 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आली. गिऱ्हाईकाला ते बरे वाटले असेल. पण नारळ आणि भुईमूग पिकवणाऱ्याला बाजारात कोणाशी झुंजायचे आहे, हेही त्याच दिवशी ठरून गेले.

न दिसणारी जकात काय करते, हे आमच्या गोव्याने पूर्वीच भोगले आहे. 26 डिसेंबर 1878 रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा तह झाला. दोन्ही मुलखांची जकात एक झाली, गोव्याच्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि पोर्तुगीज सरकारच्या पदरात दरसाल चार लाख रुपये पडले. मिठागरात राबणाऱ्याला कोणी विचारले नाही. मिठागरे ओस पडू लागली. मासळी खारवणाऱ्या बाईला आपल्याच खाडीचे मीठ महाग झाले. 1892 मध्ये तह संपला, तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

म्हणून माझे म्हणणे असे की परदेशी माल मागवण्याची विद्या आपण शिकून घ्यावी, ती दलालाकडे गहाण टाकू नये. सुरतेच्या कापड कारखानदारांनी चीनमधून माग मागवले, ते काही सगळेच मोठे शेठ नव्हते. आयात-निर्यात क्रमांक घरबसल्या अर्ज करून मिळतो, आणि आता पॅन क्रमांक हाच तो क्रमांक असतो. माल बंदराला लागण्याआधी बिल ऑफ एंट्री भरावे लागते. ते कस्टम ब्रोकर भरून देतो. पण 2011 पासून जकात किती, हे मांडण्याची जबाबदारी आयात करणाऱ्याचीच आहे. मालाचा वर्ग चुकीचा दाखवला तर दंड त्यालाच बसतो. कागद अपुरे म्हणून कंटेनर अडकला, तर डॅमरेज रोज चढते.

गणित सोपे आहे. समजा, भाडे आणि विमा धरून माल बंदरात 1,00,000 रुपयांना पडला आणि मूळ जकात 10 टक्के आहे. जकात झाली 10,000. तिच्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 1,000. आता 1,11,000 वर 18 टक्के आयजीएसटी धरा, तो झाला 19,980. माल पडला 1,30,980 ला. यातले 11,000 कायमचे गेले. आयजीएसटी मात्र नोंदलेल्या व्यापाऱ्याला पुढच्या विक्रीच्या करातून वळता करता येतो. दर मालागणिक बदलतात, पण रीत हीच.

एकट्या रापणकाराला हे झेपणार नाही, हे खरे. एका इंजिनासाठी कोणी कंटेनर भरत नाही. पण बारडोलीची दुसरी ओळख सहकारी साखर कारखान्याची आहे. डांगातून आणि खानदेशातून कोयता घेऊन येणारे मजूर ज्या उसाला हात लावतात, तो ऊस हजारो सभासदांचा असतो. (त्या मजुरांच्या पदरात काय पडते, हा वेगळाच आणि लाजिरवाणा विषय आहे.) कारखाना काढणे एकट्याच्या आवाक्यात नव्हते, तेव्हा शेतकऱ्यांनी मिळून काढला. मग आमच्या मच्छीमार सोसायट्यांना वीस-पंचवीस इंजिने एकत्र मागवायला काय हरकत आहे? सुटे भाग आणि दुरुस्ती यांची सोय मात्र आधी पक्की करावी. नाहीतर स्वस्तात आलेले इंजिन ऐन हंगामात वाळूत पडून राहील.

सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी एवढे तरी विचारावे: इंजिनाची मूळ किंमत किती, जकात किती, दुकानदाराचा नफा किती? तीन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत.