पेरण्याच्या स्तंभावरील नावे

देहूरोडच्या ज्या बुद्धविहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेथे दरसाल त्या दिवशी वंदनेसाठी जमणारा समाज अवघ्या आठवड्याने, इंग्रजी वर्षाच्या प्रथम दिनी, भीमेच्या तीरावर पेरणे गावाच्या हद्दीत उभ्या असलेल्या पाषाणस्तंभापुढे पुन्हा एकत्र येतो. पिंपरी, दापोडी, भोसरी, चाकण येथील वस्त्यांतून 'मानवंदनेला' निघालेल्या या माणसांत लष्करी डेपोतून निवृत्त झालेले वृद्ध असतात, रात्रपाळी संपवून तसेच गाडीत बसलेले तरुण कामगार असतात, कडेवर मूल घेतलेल्या लेकीसुना असतात. गर्दी लाखांनी मोजावी लागत असल्यामुळे पोलिसांचा बंदोबस्त आदल्या दिवसापासूनच सुरू होतो आणि नगर रस्त्यावरील वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते.

आमच्या या पिंपरी-चाकण पट्ट्याचा, ज्या कोरेगावच्या लढाईच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभा आहे, त्या लढाईशी असलेला संबंध केवळ रस्त्याचा नव्हे. डिसेंबर १८१७ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाची फौज चाकणपर्यंत येऊन ठेपल्याची वार्ता पुण्यास पोचली, तेव्हा तेथील इंग्रज अधिकाऱ्याने शिरूरच्या छावणीकडे कुमक मागितली. आणि कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबई पलटणीचे शिपाई, स्वार व मद्रासचे गोलंदाज मिळून सुमारे आठशे माणसे ३१ डिसेंबरच्या रात्री निघून, रात्रभर चालून, सकाळी कोरेगावी पोचली, तो पलीकडे वीस हजारांहून मोठी फौज उभी. त्या फौजेचा थोडाच भाग प्रत्यक्ष झुंजीत उतरला हे खरे, परंतु रात्रभराच्या चालीने थकलेल्या, अन्नपाण्यावाचून दिवसभर गल्ल्यांतून लढलेल्या शिपायांच्या धैर्याला त्यामुळे उणेपणा येत नाही. अंधार पडल्यावर पेशव्यांची फौज निघून गेली, स्टाँटनची तुकडी शिरूरला परतली, आणि कंपनीच्या बाजूची मृत, जखमी व बेपत्ता मिळून पावणेतीनशे माणसे खर्ची पडल्याची नोंद झाली.

कंपनी सरकारने १८२१ मध्ये स्तंभाचा पाया घातला तो आपल्या विजयाच्या स्मरणार्थ. परंतु त्या दगडावर जी नावे कोरली गेली, त्यांनी पुढे त्या स्तंभाचा अर्थच पालटून टाकला. पतन पावलेल्या ४९ जणांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत: शमनाक येशनाक, भागनाक हरनाक, अशी बापलेकांची जोडनावे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या, ज्यांची वंशावळ कोणत्याही दप्तराने कधी आदराने लिहून घेतली नव्हती अशा घराण्यांच्या दोन दोन पिढ्या येथे एका ओळीत नोंदल्या गेल्या. त्याच सरकारने १८९२ च्या सुमारास, लढवय्या जातींच्या आपल्या नव्या सिद्धान्ताचा आधार घेऊन, महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा या नावांना दाखल्याचे मोल आले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज करून लष्कराची दारे उघडण्याची मागणी केली. स्तंभापाशी सभा भरवून पूर्वजांच्या पराक्रमाची साक्ष समाजापुढे मांडण्याचा शिरस्ताही त्यांनीच घातला. आणि १ जानेवारी १९२७ रोजी सुभेदार रामजींचे पुत्र आंबेडकर त्याच सभेसाठी येथे आले. १९४१ मध्ये बेळगावी महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या प्रथम बोधचिन्हात हा स्तंभ होता.

मृतांना केलेले वंदन आणि जिवंतांच्या हक्काची मागणी या दोन गोष्टी येथे अशा एकजीव झाल्या आहेत की, त्या वेगळ्या करू पाहणे व्यर्थ आहे. समता सैनिक दलाचे गणवेशातील सैनिक संचलन करीत येतात, रेजिमेंटचे निवृत्त जवान छातीवर पदके लावून सलामी देतात, त्यात दोन्ही आशय असतात. या लढाईचा अर्थ कोणी कसा लावावा यावर वाद आहेत. २०१८ च्या प्रारंभी तर येथे दंगल होऊन एक तरुण प्राणास मुकला, ही गोष्ट अवघ्या महाराष्ट्राने शरमेने लक्षात ठेवावी. मला एवढेच स्पष्ट दिसते की पेशव्यांच्या बाजूने पडलेले शिपाईही कोणाचे तरी पुत्र होते, आणि त्यांच्या स्मरणाने या स्तंभावरील नावांचा मान तसूभरही कमी होत नाही.

औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या व्यवस्थापकांना एक विनंती आहे. तुमच्याकडील अनेक कामगारांना या दिवशी पेरण्यास जावयाचे असते, आणि तो दिवस सरकारी सुट्टीचा नसल्यामुळे त्यांना रजेसाठी आर्जव करावे लागते किंवा पगाराचे खाडे सोसावे लागतात. पाळ्यांचा तक्ता डिसेंबरच्या मध्यास लावताना १ जानेवारीची रजा मागणाऱ्यांस ती विनासायास द्यावी, आणि शक्य असेल त्यांनी कामगारांबरोबर स्वतःही एकदा तेथे जाऊन ती नावे वाचावीत.