काचेच्या पेटींतील एकटा मासा

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील ज्या घरांत हौसेनें काचेच्या मत्स्यपेट्या ठेवल्या आहेत, तेथील विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस आमची एक विनंती आहे. इतर माशांचें उष्टें खाऊन तळ स्वच्छ ठेवील, ह्या हिशेबानें मिशांचा एकच लहानसा मासा विकत आणण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

हा मासा म्हणजे कॉरिडोरास. तो मूळचा दक्षिण अमेरिकेंतील नद्या-ओढ्यांतला. आपल्या शिंगटीचा दूरचा भाऊबंद. अंगावर खवल्यांऐवजीं हाडांच्या पट्ट्या, जणूं चिलखतच! बीगल जहाजाच्या सफरींत डार्विनसाहेबांनीं ह्यांतील एक जात गोळा केली व १८४२ सालीं जेनिन्स ह्यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. अशा पाहुण्यास आपण झाडलोटीस ठेवावें, हें चमत्कारिकच.

वस्तुतः तो उष्ट्यावर पोसत नाहीं. तळाशीं बुडणारें खाद्य त्यास निराळें द्यावें लागतें. तें तो मिशांनीं वाळू चाळून शोधतो. टोंकदार खडी व सांचलेली घाण ह्यांनीं त्या मिशा झडतात, म्हणून तळास बारीक, धुतलेली वाळू घालावी. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतें व तें कल्ल्यांस बाधतें. सबब पाणी एक दिवस उघडें ठेवून मग वापरावें. मधूनच तो झपकन् वर येऊन हवेचा घोंट घेतो व ती आंतड्यांतून शोषतो. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र तो घडोघडी वर येऊं लागला, तर पाणी बिघडलें असें समजावें.

पण मुख्य गोष्ट सोबतीची. एकाच जातीचे निदान सहा मासे असले, म्हणजे ते धीटपणें तळभर हिंडतात. एकटा मासा कोपऱ्यांत दडून राहतो. ईश्वरानें ज्यास कळपाचा स्वभाव दिला, त्यास एकटें कोंडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? साठेक लिटर पाणी मावेल एवढी पेटी नसेल, तर एकही आणूं नये. खर्चाची सबब आम्हांस पटत नाहीं. दिव्यांवर व रंगीत खड्यांवर पैसा सुटतो, आणि काटकसर तेवढी सोबत्यांवर!

हौस फिटली म्हणून कित्येक जण मासे नदींत सोडूं पाहतात. अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्यानें नासलेली आहे. तींत सोडणें म्हणजे मारणेंच. उल्हास नदींत सोडावे, तर परका जीव आपल्या शिंगट्यांच्या घरांत घुसवल्यासारखें होतें. त्यापेक्षां ते दुकानदारास परत द्यावे, किंवा ज्याच्या पेटींत त्यांचे जातभाई आहेत अशा वर्गबंधूच्या हवालीं करावे.