कोण हरवलं की 'रहस्य' सुरू होतं?

छोटं गाव, एक खून, त्यात प्रेमप्रकरण. हा मसाला सध्या ओटीटीवर जोरात चालतोय. मग कौतुकही होतं: बघा, यात दलित नायिका आहे, मुस्लिम पात्रं आहेत, सगळ्यांना जागा दिलीय.

मंडळी, पात्रांची हजेरी घेऊन काही कळत नाही. रहस्यकथेला एकच प्रश्न विचारा. कोण हरवलं की शोध सुरू होतो, आणि कोण हरवलं की "गेली असेल पळून" म्हणून विषय संपतो?

२०२३ मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेली 'दहाड' मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. गाव राजस्थानातलं मंडावा. पर्यटकांना रंगीत हवेल्यांसाठी माहीत असलेलं. तिथं एक माणूस लग्न न जमलेल्या, हुंड्यामुळे घरात ओझं ठरलेल्या मुलींना प्रेमात पाडतो, पळवून नेतो आणि सायनाइड देतो. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही. खुनी फार हुशार म्हणून नव्हे, मुली 'पळून गेलेल्या' म्हणून! एका गरीब भावाची तक्रार पोलीस ऐकत नाहीत. बहीण मुस्लिम मुलासोबत गेली म्हटल्यावर मात्र पुढारी गोळा होतात.

आता कुणी म्हणेल, हे जरा जास्तच झालं. तर कर्नाटकातलं 'सायनाइड मोहन' प्रकरण आठवा. आरोपी शिक्षक. लग्नाचं आमिष, मग गर्भनिरोधक गोळी सांगून सायनाइड. २००९ मध्ये पकडला जाईपर्यंत २० बायकांचा जीव गेला होता.

'दहाड'मध्ये तपास करणारी अंजली भाटी दलित आहे. ती ठाण्यात शेजारून गेली की एक शिपाई उदबत्ती लावतो. मूळ आडनाव मेघवाल, वडिलांनी बदललेलं. शेवटी ती ते परत घेते. इथं जात पात्राला चिकटवलेलं लेबल नाही, कथा त्यावरच चालते. याला मी प्रतिनिधित्व म्हणतो.

उणीवही सांगतो. ही भूमिका शत्रुघ्न सिन्हांच्या मुलीला मिळाली, कथा रचणाऱ्यांत जावेद अख्तरांची मुलगी. दोघींनी काम चोख केलंय. पण मेघवालांच्या घरातली एखादी मुलगी त्या जागी कधी दिसणार, हे विचारायलाच हवं.

आता आपल्याकडे या. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशामुळे अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. १८ पूर्ण झाली की नुसती 'मिसिंग'ची नोंद. पुढं शोध किती जोरात होणार, हे बऱ्याचदा बाप कोण आहे यावर ठरतं. ऊसतोड मजुराची पोरगी गेली तर पेपरात दोन ओळी. बंगल्यातली गेली तर फोटो, मोर्चा, निवेदन, सगळं.

पडद्यावर सगळ्या जातीधर्माचे चेहरे दिसावेत ही मागणी रास्तच आहे. पण खरी कसोटी ठाण्याच्या त्या रजिस्टरात आहे. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी किती सज्ञान मुली बेपत्ता झाल्या, त्यातल्या किती सापडल्या? माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज लागतो. मी या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की इथंच मांडतो.